कमी ताकदीच्या कूपरने १९५९ चे विश्वविजेतेपद कसे जिंकले?

कूपर टी५१ या शर्यतीच्या गाडीचे इंजिन फेरारीपेक्षा कमी ताकदीचे असूनही १९५९ साली ती फॉर्म्युला वनची विजेती कशी ठरली, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सगळी गोम इंजिन कोठे बसवले होते यात आहे.

ते चालकाच्या मागे बसवण्यामागे कोणतेही थोर तत्त्व नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर चार्ल्स आणि जॉन कूपर या पितापुत्रांनी इंग्लंडमधील सर्बिटन येथे फियाट टोपोलिनो या छोट्या मोटारीचे दोन पुढचे भाग पाठीला पाठ लावून जोडले आणि मोटारसायकलचे ५०० सीसीचे जॅप इंजिन मागे ठेवले, कारण तेथून साखळीने मागची चाके फिरवणे सोपे होते. टी५१ मध्ये तीच मांडणी कायम राहिली. फक्त आता तेथे कोव्हेंट्री क्लायमॅक्सचे अडीच लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन होते.

इंजिन पुढे असलेल्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा फिरता दांडा, चालकाच्या आसनाखालून किंवा बाजूने मागे न्यावा लागे. कूपरमध्ये तो नसल्याने चालक जवळजवळ जमिनीलगत बसे, गाडी बुटकी आणि हलकी होई, वाऱ्याचा अडथळा घटे आणि टायरही कमी झिजत. गिअरबॉक्स मात्र मूळ सित्रोएनच्या प्रवासी गाडीचा, त्यामुळे वाढत्या ताकदीपुढे तोच सर्वांत नाजूक भाग ठरला.

कूपर संघाचा चालक जॅक ब्रॅबहॅमने मोनॅको आणि ब्रिटिश ग्रां प्री जिंकल्या. १२ डिसेंबरला फ्लोरिडातील सेब्रिंगच्या अखेरच्या शर्यतीत विजेतेपदाचा प्रतिस्पर्धी स्टर्लिंग मॉस, जो स्वतःही कूपरच चालवत होता, गिअरबॉक्स निकामी झाल्याने लवकरच बाद झाला. शेवटच्या फेरीत आघाडीवर असलेल्या ब्रॅबहॅमचे पेट्रोल संपले. त्याचा बावीस वर्षांचा सहकारी ब्रूस मॅकलॅरन पुढे निघून जिंकला, आणि ब्रॅबहॅमने इतर कोणाचीही मदत न घेता गाडी ढकलत अंतिम रेषेपार नेली. तो चौथा आला, तरी विजेतेपद त्याचेच झाले.

फेरारीनेही १९६१ पर्यंत इंजिन मागे नेले. विश्वविजेतेपदाच्या शर्यतीत पुढे इंजिन असलेली गाडी शेवटची जिंकली ती १९६० साली इटलीतील मोंझात, आणि त्या शर्यतीवर प्रमुख ब्रिटिश संघांनी बहिष्कार टाकला होता.