टोरंटोत मंदीच्या दिवसांत उतरताय?

पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहण्याचा परवाना, हातात असेल तर खुशाल या, पण मनासारख्या नोकरीची वाट बघत गाठीचे पैसे संपवू नका. उतरल्यावर आधी नोकरीसाठी लागणारा सरकारी सिन नंबर काढा, तो फुकट मिळतो. मग नवागतांसाठीच्या सेटलमेंट एजन्सीत नाव घाला. सरकारी पैशावर चालतात, रेझ्युमे तपासून देतात, तरी आपली माणसं तिकडे फिरकत नाहीत! रेझ्युमेवरून फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, लग्न झालंय की नाही, सगळं उडवा. दोन पानांत बसवा. ‘जबाबदारी सांभाळली’ असलं मोघम नको. काय केलं, किती वाचवलं, ते लिहा.

‘कॅनेडियन एक्स्पीरियन्स’ विचारतीलच. ऑन्टॅरिओत इंजिनिअरच्या परवान्यासाठीची ती अट पीईओने, म्हणजे हा परवाना देणाऱ्या संस्थेने, 2023 मध्ये काढली. कंपन्यांच्या डोक्यातून मात्र ती गेलेली नाही. तोवर वेअरहाऊस, कॉफीचं दुकान, मिळेल ते धरा, लाज कसली? फक्त शक्यतो संध्याकाळची पाळी मागा, म्हणजे इंटरव्ह्यूला दिवस मोकळा राहतो. आणि नोकरी लावून देतो म्हणत कुणी पैसे मागितले, मग तो गाववाला का असेना, तर दमडी देऊ नका.