सिप्रो चालू असताना झिंक?

प्रश्न : लघवीच्या जंतुसंसर्गासाठी डॉक्टरांनी मला सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या दिल्या आहेत. झिंक घेतलं तर जंतू या औषधाला निर्ढावत नाहीत, असं मोबाइलवर वाचलं. नातवाच्या जुलाबांच्या वेळी आणलेल्या झिंकच्या गोळ्या घरात उरल्या आहेत. सोबत घेतल्या तर चालतील का?
– एक वाचक, कराड

उत्तर : सोबत तर मुळीच नको. पोटात झिंक आणि सिप्रो एकमेकांना चिकटतात आणि औषध रक्तात पुरतं उतरत नाही. लोह, कॅल्शियम, अँटासिड यांचंही तेच. नुसत्या दुधाबरोबर किंवा दह्याबरोबरही ही गोळी घेऊ नये. डॉक्टरांनी झिंक दिलेलंच असेल, तर सिप्रो त्याच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायची. जंतू निर्ढावू नयेत म्हणून तुम्ही झिंक घेणार आणि त्यांच्यापर्यंत औषध पोहोचणार अर्धंमुर्धं. त्यांना आणखी काय हवं! (आणि हो, मुलांचे जुलाब थांबले तरी झिंक १० ते १४ दिवस द्यायचं असतं. तुमच्याकडे गोळ्या उरल्या कशा?)

तुम्ही वाचलंत ते मात्र थाप नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे तेव्हा हा भाग तास संपला तरी संपायचा नाही. जंतूच्या डीएनएला पडणारा पीळ गायरेज नावाचं विकर (एन्झाइम) सोडवतं. ते दोन्ही धागे कापतं, पीळ काढतं, पुन्हा सांधतं. सिप्रो त्याला सांधू देत नाही. तुटल्या जागी एकेरी धागा उघडा पडला की रेकए हे प्रथिन त्यावर ओळीनं चढतं. एरवी लेक्सए नावाचं प्रथिन दुरुस्तीची जनुकं दाबून बसलेलं असतं. रेकएची ही रांग लागली की लेक्सए स्वतःलाच कापून घेतं. मग ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूमध्ये चाळीसेक जनुकं कामाला लागतात. विभाजन थांबतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी शेवयांसारख्या लांबलचक दिसतात. कर्करोगावरचं मायटोमायसिन-सी घातलं तरी हेच घडतं.

दुरुस्ती जमेना, की शेवटी निष्काळजी पॉलिमरेज कामाला येतात. ते डीएनएची नक्कल करतात, पण त्यात चुका करत जातात. बहुतेक चुका फुकट जातात. एखादी नेमकी गायरेजमध्ये होते आणि सिप्रोची पकडच सुटते. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत फ्लॉइड रोम्सबर्ग यांच्या गटानं ज्याचं लेक्सए तुटूच शकत नाही असा ई. कोलाय उंदरांना दिला. त्याला सिप्रोविरुद्ध प्रतिकार कमावता आला नाही.

तेव्हापासून रेकएला अडवणाऱ्या रसायनांचा शोध जोरात आहे. झिंक त्यातलंच: २०१७ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ते रेकएला एकेरी धाग्यावर चढू देत नाही. मला त्याहून कुतूहल सुरामिनचं. हे आफ्रिकेतल्या निद्रारोगावरचं जुनं औषध. क्षयाच्या जंतूचं रेकए ते रोखतं, हे २०१४ मध्ये आपल्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. मुनियप्पा यांच्या गटानं दाखवलं. पण ते शिरेतून द्यावं लागतं आणि मूत्रपिंडांना त्रास देतं, म्हणून उद्या क्षयरुग्णांना मिळेल असं समजू नका.

झिंकचंही तसंच. प्रयोगशाळेतल्या जंतूंवरून तुम्ही किती गोळ्या घ्याव्यात याचा हिशेब निघत नाही. शिवाय ही रसायनं फार तर नवा प्रतिकार तयार होणं रोखतील. जो जंतू आधीच सिप्रोला जुमानत नाही, त्याच्यापुढे झिंकचा काय उपयोग? आणि आपल्याकडे लघवीत सापडणाऱ्या ई. कोलायमध्ये असे जंतू पुष्कळ आहेत. तेव्हा लघवीचं कल्चर (जंतू वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते बघायची तपासणी) केलं असेल तर रिपोर्टमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनसमोर काय लिहिलंय ते आजच बघा. ‘रेझिस्टंट’ असेल तर कोर्स संपायची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. ते दुसरं औषध देतील.