स्ट्रेट पूल बघायला बसताना

स्ट्रेट पूल, म्हणजे काठीने बॉल टेबलाच्या भोकांत (पॉकेटमध्ये) पाडायच्या पूल खेळाचा एक प्रकार, रटाळ वाटतो म्हणतोस? मग आधी पट्ट्यांचे बॉल कोणाचे, हे शोधणं सोड. इथे प्रत्येक बॉलला एकच गुण, रंगाला काडीची किंमत नाही. फक्त बॉल आणि पॉकेट आधी सांगायचं. फोंड्याच्या क्लबात एट-बॉल (पट्ट्यांचे आणि एकरंगी बॉल वाटून घेतात तो प्रकार) खेळून आलेले सगळे इथेच गोंधळतात.

खरी गंमत शेवटच्या दोन-तीन बॉलांत असते. चौदा पडले की ते पुन्हा रॅकमध्ये, म्हणजे त्रिकोणी मांडणीत, लागतात, पंधरावा टेबलावरच राहतो. तो पाडता पाडता काठीने मारायच्या पांढऱ्या बॉलने रॅक फोडायचा! खेळाडू टेबलाभोवती फिरत बसला तर वैतागू नकोस. शेवटासाठी मागे कुठला बॉल ठेवतोय ते ओळख. अमेरिकन पूलपटू विली मॉस्कोनीने १९५४ मध्ये असे सलग ५२६ पाडले.

शॉट-क्लॉक, म्हणजे प्रत्येक फटक्याला वेळेची मर्यादा? माझ्या मते नकोच, पण भांडायला ये खुशाल. फाउलचे बारकावे मात्र सध्या राहू देत.