शनिवार-रविवार झोपून काढला तरी सोमवारी थकवा तसाच, आणि ऑफिसच्या ग्रुपवर नुसता मेसेज आला तरी चीड येते. हा आळस की बर्नआउट?

आळस नक्कीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या, वेळेत न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं. खुणा तीन: अंगातलं त्राण जाणं, कामावरून मन उडणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. ऑफिसच्या ग्रुपवर नुसता मेसेज आला तरी चीड येते असं तुम्ही लिहिलंय, ती दुसरी खूण.

सुट्टीने तेवढ्यापुरतंच बरं वाटतं, कारण बर्नआउटचं मूळ कामात असतं. या विषयावर आयुष्यभर संशोधन केलेल्या क्रिस्टिना मॅस्लॅक सहा जागा तपासायला सांगतात: कामाचा बोजा, निर्णयाची मोकळीक, मोबदला व कौतुक, सहकाऱ्यांशी नातं, न्याय्य वागणूक, आणि मनाला पटणारं काम. माझ्या मते बहुतेक लोक फक्त बोजाच बघतात. खरं बोचतंय काय ते ओळखा आणि वरिष्ठांकडे एकच ठोस मागणी करा, उदाहरणार्थ रात्री आठनंतर फोन नको. योग, ध्यान चांगलंच, पण त्याने बोजा हलका होत नाही.

आधी डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या. त्यांच्या कमी-जास्तीनेही असाच थकवा येतो. आणि कामाबाहेरच्या आवडीच्या गोष्टींतही रस उरला नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर आजच १४४१६ वर फोन करा. टेली-मानसची ही सरकारी सेवा मोफत, चोवीस तास आणि मराठीतही आहे.