वाचकांचे प्रश्न: दातांना तारा खरोखरच लागतात का?

दातांच्या तारांविषयी, म्हणजे ब्रेसेसविषयी, अनुभव आणि शंका कळवण्याचे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांत दुखण्याच्या आणि खर्चाच्या तक्रारी आहेतच. पण त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच प्रश्न दिसतो, तो म्हणजे हे करण्याची गरज होती का, किंवा आहे का. या वेळची उत्तरे त्याच अंगाने दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न: माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिचे वरचे पटाशीचे दात किंचित एकमेकांवर चढले आहेत. येथील सरकारी आरोग्यसेवेत तपासणी झाली तेव्हा ती निकषांत बसत नसल्याचे सांगण्यात आले. सुट्टीत पुण्याला आलो असता तेथील डॉक्टर म्हणाले की तारा लावाव्याच लागतील आणि त्यासाठी चार उपदाढा (सुळे आणि दाढा यांच्यामधले दात) काढाव्या लागतील. दोघांपैकी खरे कोणाचे मानायचे? (एक आई, लेस्टर, इंग्लंड)

उत्तर: दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात, कारण त्यांनी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली आहेत. इंग्लंडमध्ये अठरा वर्षांखालील मुलांना हा उपचार सरकारी खर्चाने मिळतो. मात्र तो कोणाला द्यायचा हे ठरवण्यासाठी उपचाराची गरज मोजणारा एक निर्देशांक वापरतात. ब्रूक आणि शॉ या दंतसंशोधकांनी १९८९ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत दातांच्या ठेवणीच्या पाच श्रेणी आहेत. वरचे दात खालच्या दातांच्या ६ मिलिमीटरपेक्षा अधिक पुढे असतील, किंवा दात आपल्या जागेपासून ४ मिलिमीटरपेक्षा अधिक सरकलेले असतील, तर मूल चौथ्या श्रेणीत जाते. सुळा हाडातच अडकून राहिला असेल, तर पाचव्या. या दोन श्रेणींना उपचार मिळतो. तिसऱ्या श्रेणीतील मुलाचे दात दहा छायाचित्रांच्या एका पट्टीशी ताडून पाहतात, आणि दिसण्यातील दोष सहाव्या किंवा त्यापुढच्या छायाचित्राइतका असेल तरच त्याला परवानगी मिळते. आपल्या मुलीला मिळालेल्या नकाराचा अर्थ तिचे दात निर्दोष आहेत असा नाही. सार्वजनिक पैसा खर्च करण्याइतका तो दोष गंभीर नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

भारतात अशी चाळणी नाही. खर्च रुग्णाचा असतो, आणि डॉक्टर जे सुधारता येण्यासारखे आहे ते सांगतात. त्यातही वावगे काही नाही. माझा आक्षेप आहे तो ‘लावाव्याच लागतील’ यातील ‘च’ला. दात थोडे वाकडे आहेत म्हणून ते किडतात किंवा लवकर पडतात, असे म्हणायला भक्कम आधार नाही. गर्दीच्या जागी ब्रश नीट पोहोचत नाही हे खरे, पण रोज नीट घासलेले वाकडे दात हे न घासलेल्या सरळ दातांपेक्षा केव्हाही अधिक टिकतात. दात सरळ दिसावेत ही इच्छा पूर्णपणे रास्त आहे आणि तेराव्या वर्षी तर ती फार मोठी असते. तेव्हा मुलीला स्वतःला ते हवे असेल, तर तेवढे कारण पुरेसे आहे. त्या इच्छेला आजाराचे रूप देऊन पालकांना घाबरवण्याची मात्र गरज नाही.

आता दात काढण्याविषयी. हा वाद या शास्त्राइतकाच जुना आहे. आधुनिक दंतरचनाशास्त्राचे जनक मानले जाणारे अमेरिकेतील एडवर्ड अँगल हे दात काढण्याच्या सक्त विरोधात होते. निसर्गाने दिलेले सर्व दात जबड्यात बसवता आलेच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी आरंभी गुरूचा मार्ग चालवला, पण सरळ केलेले दात पुढे आलेले आणि अस्थिर राहतात असे दिसल्यावर काही रुग्णांचे दात काढून पुन्हा उपचार केले. आज हा प्रश्न तत्त्वाचा राहिला नसून मोजमापाचा झाला आहे. एक उपदाढ साधारण ७ मिलिमीटर रुंद असते. म्हणजे एका जबड्यातील दोन उपदाढा काढल्या की सुमारे १४ मिलिमीटर जागा मोकळी होते. ओठ मिटत नसतील इतके दात पुढे असतील किंवा गर्दी मोठी असेल, तर ही जागा लागते. आपण वर्णन केल्याप्रमाणे गर्दी खरोखरच किंचित असेल, तर दातांच्या कडांवरील आवरण अगदी थोडे घासूनही काम भागू शकते. पुण्यातील डॉक्टरांना एवढेच विचारावे की किती मिलिमीटर जागा कमी पडते आहे आणि दात काढल्यावर उरलेल्या जागेचे काय होणार आहे. याचे उत्तर त्यांनी दातांचा साचा आणि चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे समोर ठेवून द्यायला हवे. ते तसे देत नसतील, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

प्रश्न: माझा नातू आठ वर्षांचा आहे. वरच्या दोन नव्या दातांमध्ये मोठी फट आहे आणि दात बाहेरच्या बाजूला कलले आहेत. त्याच्या वर्गातल्या एका मुलाला क्लिप लावली आहे म्हणून सूनबाई घाई करीत आहेत. शिवाय डॉक्टरांनी त्याच्या किडलेल्या दुधाच्या दाढेवर रूट कॅनाल सुचवले आहे. जी दाढ पडणारच आहे तिच्यावर खर्च कशाला? (एक आजोबा, सातारा)

उत्तर: फटीच्या बाबतीत आपण थांबावे आणि दाढेच्या बाबतीत डॉक्टरांचे ऐकावे, असा माझा सल्ला आहे.

सात ते अकरा या वयात वरच्या पुढच्या दातांत फट असणे आणि ते पंख्यासारखे पसरलेले दिसणे अनेक मुलांत स्वाभाविक असते. हाडात वर दडलेले सुळे खाली उतरताना शेजारच्या दातांच्या मुळांवर दाब देतात, त्यामुळे दात असे कलतात. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे बाहेर आले की फट बहुधा आपोआप मिटते. दहाव्या वर्षाच्या सुमारास मात्र दंतवैद्याने वरच्या हिरडीवर बोट फिरवून सुळ्यांचे उंचवटे लागतात का, हे जरूर पाहावे. ते लागले नाहीत तर सुळा वाट चुकलेला असू शकतो. तेव्हा एक्स-रे काढून वेळीच उपाय केला तर पुढची मोठी शस्त्रक्रिया टळू शकते.

दुधाच्या दाढेचे महत्त्व आपल्याकडे फारच कमी लेखले जाते. दुधाची मागची दाढ दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायची असते, आणि तिच्या मागे सहाव्या वर्षीच कायमची पहिली दाढ आलेली असते. दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली, की ही कायमची दाढ रिकाम्या जागेत पुढे सरकते आणि मग खालून येणाऱ्या उपदाढेला जागाच उरत नाही. पुढे तारा लागतात त्या मुलांपैकी काहींची अडचण अशीच सुरू झालेली असते. म्हणून दाढ वाचत असेल तर वाचवावी. काढावीच लागली तर ती जागा राखून ठेवणारी तारेची छोटी पट्टी बसवून घ्यावी.

थांबण्याचा हा सल्ला सरसकट नाही. वरचा जबडा अरुंद असल्याने तोंड मिटताना खालचा जबडा एका बाजूला सरकत असेल, खालचे पुढचे दात वरच्यांच्या बाहेर येत असतील, किंवा सहा-सात वर्षांचे होऊनही मूल अंगठा चोखत असेल, तर लवकर दाखवावे. वरचे दात फारच पुढे असलेल्या मुलाला पडण्या-झडण्यात त्या दातांना मार बसण्याचा धोका अधिक असतो, आणि लवकर केलेल्या उपचाराने तो कमी होतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. एरवी आठव्या वर्षी सुरू केलेला आणि बाराव्या वर्षी सुरू केलेला उपचार शेवटी जवळपास त्याच ठिकाणी पोहोचतो.

प्रश्न: कॉलेजात असताना जवळजवळ दोन वर्षे तारा होत्या. दात सुरेख झाले होते. आज मी एकोणतीस वर्षांची आहे आणि खालचे दात पुन्हा वेडेवाकडे झाले आहेत. तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर काही महिने वापरला, नंतर सुटला. पैसे पाण्यात गेले असे वाटते. अक्कलदाढांनी दात ढकलले असतील का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: अक्कलदाढांवर हा आरोप फार वर्षांपासून होत आला आहे, पण तो सिद्ध झालेला नाही, ज्यांच्या अक्कलदाढा काढलेल्या आहेत किंवा मुळात आलेल्याच नाहीत, त्यांचेही खालचे दात वयानुसार दाटी करतात. ज्यांनी आयुष्यात कधी तारा लावल्या नाहीत, त्यांच्याही बाबतीत हे घडते.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती तंतूंचे एक पातळ आवरण असते. तारेचा हलका दाब पडला की ज्या बाजूला दात सरकायचा आहे त्या बाजूचे हाड पेशी विरघळवतात आणि मागच्या बाजूला नवे हाड तयार होते. महिन्याला साधारण १ मिलिमीटर, इतक्या संथपणे हे काम चालते. तारा काढल्यानंतरही हिरडीतील ताणलेल्या तंतूंना नव्या जागेशी जुळवून घ्यायला वर्षभराचा अवधी लागू शकतो, आणि तोवर ते दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. रिटेनर हा त्यामुळे उपचाराचाच भाग आहे. सध्या बहुतेक तज्ज्ञ तो रात्रीपुरता तरी वर्षानुवर्षे वापरायला सांगतात. ही गोष्ट तारा लावण्यापूर्वीच स्पष्टपणे सांगितली गेली पाहिजे. आपल्यासारखी इतकी पत्रे आली आहेत की ती सांगितली जात नाही, किंवा कौतुकाच्या भरात ऐकली जात नाही, असेच म्हणावे लागते.

पैसे मात्र पूर्ण पाण्यात गेलेले नाहीत. दात थोडेच सरकले असतील तर दुसरा उपचार सहसा पहिल्याइतका लांबत नाही, आणि अशा किरकोळ दुरुस्तीसाठी पारदर्शक अलाइनरही, म्हणजे दातांवर चढवायचे आणि काढता येणारे प्लास्टिकचे साचेही, चालतात. दिवसातून वीस-बावीस तास ते तोंडात ठेवण्याची शिस्त आपल्याकडे आहे का, याचा आधी विचार करावा. टपालाने अलाइनर मागवण्याचा मार्ग पत्करू नये. या व्यवसायातील स्माईल डायरेक्ट क्लब ही अमेरिकी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये अचानक बंद झाली, तेव्हा उपचार अर्धवट असलेले ग्राहक वाऱ्यावर पडले.

प्रश्न: मी चोवीस वर्षांची आहे. माझे वरचे दात थोडे पुढे आहेत. मला स्वतःला त्याचे काही वाटत नाही. घरी स्थळे पाहणे सुरू आहे आणि सहा महिन्यांत दात ‘बसवून’ घ्यावेत असा आईचा आग्रह आहे. एका ठिकाणी दात घासून कॅप लावण्याचा झटपट उपाय सुचवला. (एक वाचक, सांगली)

उत्तर: पुढे आलेले दात मागे नेण्याचा उपचार सामान्यतः दीड ते दोन वर्षांचा असतो, सहा महिन्यांत तो पूर्ण होईल असे कोणी सांगत असेल तर सावध राहावे. निरोगी दात कॅपसाठी घासणे हा माझ्या मते यातील सर्वांत वाईट पर्याय आहे. घासलेले आवरण पुन्हा येत नाही, कॅप काही वर्षांनी बदलावी लागते, आणि काही दातांची नस दुखावून पुढे रूट कॅनालची पाळी येते. आईंना हे शांतपणे समजावून सांगावे. ओठ सहज मिटत असतील, खालचे दात वरच्या टाळूला टोचत नसतील आणि आपल्याला काही वाटत नसेल, तर आपल्याला उपचाराची गरज नाही. पाहायला येणाऱ्यांची गरज हा दंतवैद्यकाचा विषय नव्हे.

प्रश्न: मुलाला तारा लावून आठवडा झाला. पहिले तीन दिवस तो नीट जेवला नाही, गाल आतून सोलला आहे. हे असेच चालायचे का? (एक वडील, रत्नागिरी)

उत्तर: नाही. पहिले दोन-तीन दिवस दात ठणकतात, मग हळूहळू कमी होते. गाल टोचतो त्या जागी डॉक्टरांकडून मिळणारे मेण लावावे. मऊ भात, खिचडी, उपमा चालेल. चिक्की, कडक चकली, ऊस आणि दाताने तोडून खाल्लेला पेरू यांनी दातांवर चिकटवलेल्या कड्या निसटतात. हळदीने कड्यांवरील रबरे पिवळी पडतात; त्याने अपाय होत नाही आणि पुढच्या भेटीत ती बदलली जातात. खरी काळजी घासण्याची घ्यावी: कड्यांभोवती अन्न साचून राहिले तर तारा निघाल्यावर दातांवर पांढरे डाग उरतात, आणि ते सहसा पूर्णपणे जात नाहीत.

प्रश्न: माझे वय सेहेचाळीस आहे. पुढच्या दातांत अलीकडे फटी पडू लागल्या आहेत. या वयात तारा लावता येतात का, आणि कमी खर्चात कोठे? (एक वाचक, लातूर)

उत्तर: वयाची अडचण नाही, हिरड्यांची असू शकते. प्रौढ वयात नव्याने पडणाऱ्या फटी हे अनेकदा हिरड्यांच्या विकारामुळे हाड झिजल्याचे लक्षण असते, आणि सुजलेल्या हिरड्यांवर तारा लावल्या तर उरलेले हाडही लवकर जाते. म्हणून आधी हिरड्यांचा उपचार करावा, आणि तो स्थिरावल्यावरच तारांचा विचार करावा. बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतर दंतरचनाशास्त्रात तीन वर्षांचे एमडीएस हे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या तज्ज्ञाकडेच जावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत या विषयाचे स्वतंत्र विभाग आहेत आणि खर्च खासगी दवाखान्यांपेक्षा बराच कमी येतो. गोव्याच्या वाचकांसाठी बांबोळीचे दंत महाविद्यालय आहे. शासकीय महाविद्यालयांत गर्दीमुळे थांबावे लागते आणि दर महिन्याला खेप घालावी लागते, हे लातूरहून जाताना हिशेबात धरावे. जुने एक्स-रे आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी. विशेषतः मधुमेह असेल किंवा हाडे ठिसूळ होण्यावर गोळ्या किंवा इंजेक्शने सुरू असतील, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे.