नागपुरात नाग नदीजवळ आई-बाबांसाठी तळमजल्यावर घर घ्यावं का? २०२३ च्या पुरात तिथे काय झालं होतं?

आईचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत, म्हणून शंकरनगर-डागा लेआउट भागात तळमजल्यावरचा फ्लॅट पाहताय, असं तुम्ही लिहिलंय. पुराबद्दल ऐकलं आणि मन धजत नाहीये. मी याच भागात, नदीपासून थोडं आत राहतो. आधी उत्तर देतो: या भागात घर जरूर घ्या, पण आईसाठी तळमजला घेऊ नका. जिने नकोत म्हणून तुम्ही तळमजला निवडताय. त्या रात्री सगळ्यात जास्त धोका नेमका त्यांनाच होता, ज्यांना जिने चढता येत नव्हते.

२२ सप्टेंबर २०२३ ला घरोघरी महालक्ष्म्यांचं, म्हणजे गौरींचं, जेवण होतं. विदर्भात हा सण किती मोठा असतो ते तुम्हाला माहीत असेलच. घरं पाहुण्यांनी भरलेली, खालच्या खोल्यांत जमिनीवर गाद्या टाकून म्हातारी माणसं आणि लेकरं झोपलेली. मध्यरात्रीनंतर विजांसह जो पाऊस लागला, तो पहाटेपर्यंत हटला नाही. साधारण चार तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. हा आकडा ऐकायला लहान वाटतो. एका चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० कोटी लिटर पाणी, असा हिशेब केला की तो समजतो. शहर सगळं डांबर, सिमेंट आणि फरशांचं, मुरणार कुठे? शिवाय नाग नदी वाडीजवळच्या लाव्हा टेकड्यांकडून येते आणि अंबाझरी तलावातून शहरात शिरते. तलाव तुडुंब भरला, सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेवरून, पाणी सुटलं आणि खालच्या पात्रात मावेना. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, शंकरनगर, पुढे सीताबर्डी, मोरभवनचा बसस्टँड, सगळीकडे पाणी. संरक्षक भिंती पडल्या, पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्या.

एरवी ही नदी पाहिलीत तर विश्वास बसणार नाही. वर्षभर सांडपाण्याची बारीक धार असते. तिच्याकडे कुणी नदी म्हणून बघतच नव्हतं, त्यामुळे तिला पूर येईल ही कल्पनाही कुणाच्या डोक्यात नव्हती.

आता लोकांनी काय केलं ते. तुमच्या निर्णयासाठी हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहाटेच्या त्या वेळी सायरन नाही, भोंगा नाही. मोबाइलवर काही आलं असेल तरी झोपलेला माणूस काय वाचणार? आम्हाला जाग आली ती आरडाओरड्याने. समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून थाळी बडवून ओरडत होत्या, "उठा नं बाप्पा, पाणी आलं, पाणी!" मग दुसऱ्या गॅलरीतून तिसरीला, अशी गल्ली जागी झाली. वीज गेली होती, आणि तेच बरं झालं. चालू असती तर साचलेल्या पाण्यात शॉक लागून किती गेले असते कोण जाणे.

खालच्या घरांतली पहिली अडचण पाण्याची नव्हतीच, दाराची होती. बाहेर मांडीएवढं पाणी चढलं की बाहेर उघडणारं दार आतून ढकलून उघडत नाही. पाण्याचा दाब माणसाच्या जोरापेक्षा कितीतरी जास्त असतो. आणि खिडक्यांना चोरांच्या भीतीने पक्क्या जाळ्या. आमच्या गल्लीत एका घरची जाळी लोखंडी पहारीने उचकटून काढावी लागली, तेव्हा आजोबा बाहेर आले. दोन घरं सोडून एक आजी अंथरुणाला खिळलेल्या होत्या. गणपती मंडळाच्या पोरांनी मंडपाच्या बल्ल्या सोडल्या, दोर काढले, आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून ओढणीने बांधलं आणि चौघांनी खुर्ची खांद्यावर घेऊन जिना चढवला. "आजी, घाबरू नका, आम्ही आहो नं," हे एकजण सारखं म्हणत होता. त्या मुलांपैकी निम्मे आमच्या लेआउटचे नव्हतेच, पलीकडच्या वस्तीतले होते. त्यांच्या स्वतःच्या घरातही पाणी शिरलं होतं. आपल्या माणसांना उंचावर बसवून ते इकडे आले होते. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण एरवी आमच्या भागातले लोक याच पोरांच्या ढोल-डीजेची तक्रार करतात.

उजाडल्यावर राष्ट्रीय आणि राज्य आपत्ती दलाची पथकं आली, लष्कराच्या तुकड्या आल्या, रस्त्यांवरून बोटी फिरल्या. सुमारे ४०० लोकांना त्यांनी बाहेर काढलं. त्यात मूकबधिर विद्यालयातली मुलंही होती. ज्या मुलांना आरोळी ऐकूच येत नाही, त्यांच्यासाठी ती पहाट कशी असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. या पथकांचं काम मोठं आहे, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण पाणी चढत असतानाचा पहिला तास ते तुमच्याजवळ नसतात, असूही शकत नाहीत. तो तास शेजाऱ्यांचा असतो.

किमान चार माणसं त्या पुरात गेली. त्यांच्यात स्वतःहून हलता न येणाऱ्या वृद्ध महिला होत्या. तुमच्या पत्रात आईबद्दल वाचलं तेव्हा मला आधी त्याच आठवल्या.

सकाळी पाणी उतरलं आणि गाळ राहिला. गटाराचा, काळा, घोट्याच्या वर. वरच्या मजल्यांवर महालक्ष्म्यांचा स्वयंपाक उरलेला होता. पुरणपोळ्या, सोळा भाज्या, आंबील, जे होतं ते सगळं खाली आलं, आणि ज्यांच्या घरात चूल पेटणार नव्हती त्यांनी तेच खाल्लं. दुपारपर्यंत फावडी, घमेली, टँकर, कुणाकुणाच्या ओळखीचे पंप. एका घरात तीन पिढ्यांचे महालक्ष्म्यांचे मुखवटे गाळात गेले होते. पाच-सहा बायका हातांनी गाळ चाळत बसल्या आणि दोन्ही मुखवटे सापडले. विसर्जनाचा दिवस तोच होता. धुऊन, पुसून, हळदीकुंकू लावून त्यांनी तिथेच निरोप दिला.

सरकारी मदत घरामागे १० हजार रुपये, दुकानांना ५० हजारांपर्यंत आणि टपऱ्यांना १० हजार जाहीर झाली. ज्याचा फ्रिज, गाद्या, कपाट, मुलांची पुस्तकं आणि गाडी गेली, त्याला १० हजारांत काय होतं? पंचनामा करणारे येईपर्यंत ज्यांनी घर साफ केलं, त्यांना नुकसान दाखवायला काही उरलं नव्हतं. म्हणून आधी फोटो, मग सफाई, हे लक्षात ठेवा. भिंतीवरची पाण्याची रेघ फोटोत आलीच पाहिजे. इमारतींच्या चौकीदारांचे तर हालच. पार्किंगमधल्या पत्र्याच्या खोलीत त्यांचा संसार, सगळ्यात आधी तोच बुडाला, आणि नुकसानीच्या यादीत मात्र ते सगळ्यात शेवटी.

हा पूर नुसत्या पावसाचा म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही. अंबाझरी तलाव १८७० च्या सुमाराचा, मातीच्या बांधाचा. त्याच्या सांडव्यासमोर स्मारक उभं राहिलं, खाली नदीच्या अंगावर बांधकामं आली, पात्र आकसत गेलं. बाधित रहिवाशांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली. सांडव्यासमोरचं विवेकानंद स्मारक, पात्रावरची बांधकामं, बांधाची मजबुती, हे सगळं न्यायालयासमोर मांडलं गेलं आणि तेव्हाच यंत्रणा जराशी हलली. स्वतःच्या घरातला गाळ उपसून झाल्यावर कागद गोळा करून कोर्टात जाणाऱ्या त्या लोकांचे या शहरावर उपकार आहेत. आमच्या जिल्ह्याने याआधीही शिक्षा भोगली आहे. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरात नरखेड तालुक्यातल्या मोवाडची २०४ माणसं गेली, आणि गावच नव्या जागी वसवावं लागलं. मोवाड विसरून चालणार नव्हतं, तरी आम्ही नदीच्या अंगावर बांधत राहिलो.

पुरानंतर आमच्या गल्लीने एक काम केलं ते सांगतो, कारण तुम्ही जिथे घर घ्याल तिथे तेच करा. आम्ही एक कागद बनवला. कोणत्या घरात कोण तळमजल्यावर झोपतं, कोणाला चालता येत नाही, कोणाला ऐकू कमी येतं, कोण ऑक्सिजनवर आहे, चौकीदाराच्या घरी किती लेकरं आहेत. प्रत्येक नावासमोर वरच्या मजल्यावरच्या दोन माणसांची नावं. मुसळधार पाऊस लागला की रात्री कितीही वाजले असोत, ती दोघं खाली जाऊन दार वाजवतात आणि माणसाला वर आणतात, पाणी दिसायची वाट बघत नाहीत. काही वेळा पाणी आलंच नाही आणि लोकांची झोपमोड झाली. कुणी कुरकुर केली नाही. कागद दर जून महिन्यात नव्याने लिहितो, कारण भाडेकरू बदलतात आणि म्हातारपण वाढतं.

आता तुमचं घर. लिफ्ट असलेल्या इमारतीत पहिला किंवा दुसरा मजला बघा. पुरात लिफ्ट बंद पडेल हे खरं, पण आई आधीच वर असेल तर तिला कुठे जायची गरजच नाही. बघायला जाल तेव्हा २३ सप्टेंबरला पाणी कुठवर आलं होतं, हे दलालाला विचारू नका. समोरच्या किराणावाल्याला विचारा, चौकीदाराला विचारा. ते हाताने उंची दाखवतील. तळमजल्याच्या भिंतींना कमरेपर्यंतच नवा रंग असेल तर समजून घ्या. विजेचे मीटर आणि पाण्याची मोटर किती उंचीवर बसवलीत ते पाहा. इमारतीचं गेट नदीकडे उतरतं की चढतं, तेही पाहा.

आणि तळमजल्याशिवाय पर्यायच नसेल, तर एका तरी खिडकीची जाळी आतून उघडणारी करून घ्या, किल्ली तिथेच खिळ्याला. मेन स्विच हाताशी हवा. औषधं आणि कागदपत्रं वरच्या फळीवर. ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे नंबर आईला पाठ हवेत. सामान लावायच्या आधी मात्र वरच्या मजल्यावर जाऊन चहा घ्या आणि सरळ सांगा, "आमच्या आईला जिने चढवत नाहीत, पाऊस लागला तर तुम्ही खाली याल का?" याच गल्लीत आलात तर आमच्या कागदावर तिचं नाव लिहायला मी स्वतः येतो.