अंध वाचकांना मोफत सीडी पाठवतो, मागण्या आवरत नाहीत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तुमचा आठ जणांचा गट अंध वाचकांना बोलक्या पुस्तकांच्या सीडी पोस्टाने मोफत पाठवतो आणि आता कोणाला काय गेलं, कोणाचं राहिलं, याचा मेळ लागत नाही. पुण्यातल्या आमच्या गटात सहा वर्षं मागण्यांची वही माझ्याकडे होती, म्हणून सांगते.

आधी मागणी घेणारा माणूस एकच ठेवा, फोन नंबरही एकच. आमच्याकडे सुरुवातीला ज्याची ज्याच्याशी ओळख त्याला तो सांगायचा. एका काकांना तिघांनी एकच कादंबरी पाठवली आणि नांदेडची एक विद्यार्थिनी दोन महिने वाट बघत राहिली, कारण प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याने पाठवली असेल.

मागणी आली की लगेच सीडी राइट करायला बसू नका, फोन करा. पहिलं विचारा, "ऐकता कशावर?" सगळा घोळ इथेच होतो. ७०० एमबीच्या सीडीवर ६४ केबीपीएसच्या, म्हणजे नुसत्या बोलण्याला पुरेल एवढ्या दर्जाच्या, एमपीथ्री फाइल्स टाकल्या तर जवळजवळ २४ तासांचं वाचन मावतं, म्हणजे मोठी कादंबरीही एकाच सीडीत. पण जुना प्लेअर एमपीथ्री वाचत नाही. त्याला ऑडिओ सीडी लागते आणि ती ८० मिनिटांत संपते. तीच बारा तासांची कादंबरी मग नऊ सीडींवर जाते. आम्ही साताऱ्याकडच्या एका आजींना न विचारता एमपीथ्री पाठवली. आवाज येईना, तेव्हा त्यांना वाटलं प्लेअरच बिघडला. नातवाला घेऊन त्या दुरुस्तीच्या दुकानात गेल्या, पैसेही गेले. ते कळल्यावर मला दोन रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून वहीत नावापुढे पत्त्याच्याही आधी प्लेअरचा रकाना आला.

पेनड्राइव्ह का नाही, असं तुम्हाला कोणी ना कोणी विचारेलच. ज्यांना चालतो त्यांना जरूर द्या. पण उतारवयात दृष्टी गेलेल्या माणसाच्या बोटांना प्लेअरची बटणं पाठ झालेली असतात, ती सवय मोडायला लावू नका.

सीडीवर मार्करने नाव लिहून ऐकणाऱ्याला काय उपयोग? प्रत्येक सीडीच्या सुरुवातीला दहा सेकंद बोला: पुस्तकाचं नाव, लेखक, "नऊपैकी तिसरी सीडी". ब्रेलची पट्टी पाकिटावर लावा, सीडीवर नको, आणि ब्रेल सगळ्यांना येतं असं धरून चालू नका.

नकार देणं सर्वांत अवघड. डोळस लोकही मागतात, "गाडीत ऐकायला द्या ना ताई." नाही म्हणायचं. २०१२च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदा अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाची अशी प्रत करू देतो, पण ती त्यांच्याच वापरात राहील हे बघणं आपल्यावर असतं. एकाला दिलं की सगळ्या कामाचा पायाच ढासळतो. मला भीड पडायची, तरी मी एकदाही दिली नाही.

क्रम मागणीच्या तारखेनेच लावा. अपवाद फक्त परीक्षेचा. एमपीएससीला बसणाऱ्या मुलाला पुस्तक परीक्षेनंतर पोचून काय फायदा? बाकीच्यांना खरा दिवस सांगा. "तीन आठवडे लागतील" असं सांगितलं की लोक शांतपणे थांबतात, "लवकरच पाठवतो" म्हटलं की चौथ्या दिवशी फोन येतो.

पोस्टाचं थोडक्यात. अंधांच्या साहित्याचं ७ किलोपर्यंतचं पाकीट डाकखर्चाशिवाय जातं, मात्र ध्वनिमुद्रणासाठी मान्यताप्राप्त संस्थेची अट असते. एखाद्या अंधशाळेशी किंवा संस्थेशी जोडून घ्या आणि तुमच्या पोस्टमास्तरांना एकदा प्रत्यक्ष भेटा. पाकिटावर पिनकोड, मोबाइल नंबर आणि "अंध व्यक्तीचे टपाल, कृपया हातात द्यावे" हे मराठीत ठळक लिहा. खेड्यात "मारुतीच्या देवळामागे" हाच खरा पत्ता असतो, तोही लिहा.

पाठवल्यावर दहा दिवसांनी परत फोन करा. पोचली का, लागली का आणि पुढे काय ऐकायचंय, एवढंच विचारा. पुढची मागणी बहुतेक वेळा त्याच फोनवर मिळते, आणि ती वहीत तिथल्या तिथे लिहिली की हरवत नाही.